भौगोलिक डेटासेटची मेटाडेटा नोंद भरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात नकाशाचे थर (एकेका विषयाच्या संगणकी नकाशा-फाइली) तयार करणाऱ्यांसाठी हे पान आहे. पंचायतींच्या जैवविविधता समित्या, भूगोलाचे विद्यार्थी, खाजनांच्या (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतजमिनींच्या) बांधांवर काम करणारे गट, एखाद्या खात्यात 'तेवढा नकाशाही बघ' म्हणून जबाबदारी अंगावर आलेले लिपिक, सगळेच त्यात आले. प्रश्न आमच्याकडे येतात तसेच ठेवले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, कारण चुका तिथेच होतात.

फाइल तर दिली आहे. मग वेगळी नोंद कशाला?

फाइल स्वतःविषयी फार कमी बोलते. तिसवाडीतल्या खारफुटीचा थर उघडला की हिरवे बहुभुज दिसतात, क्षेत्रफळाचा रकाना दिसतो. पण ते उपग्रहचित्रावरून काढले की होडीत बसून, भरतीच्या वेळी की ओहोटीच्या, कोणत्या साली, आणि किती लहान तुकडे सोडून दिले, यातलं काहीच कळत नाही.

गोव्यात नकाशा भिंतीवर टांगलेला राहत नाही. प्रादेशिक आराखडा २०२१ असो, किनारी क्षेत्र व्यवस्थापन आराखड्याची जनसुनावणी असो की गावातल्या डोंगरकापणीची तक्रार असो, नकाशा ग्रामसभेत उलगडला जातो आणि लगेच कोणीतरी उठून विचारतं, "हे कशावरून?" त्या प्रश्नाचं उत्तर आधीच लिहून ठेवायची जागा म्हणजे मेटाडेटा नोंद. उत्तर देणारा माणूस तेव्हा सभेत असेलच असं नाही.

कोणतं मानक धरायचं?

जगभर चालतं ते भौगोलिक मेटाडेटाचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ १९११५. पहिली आवृत्ती २००३ची, आणि २०१४मध्ये १९११५-१ आली. पहिल्या आवृत्तीची नोंद एक्सएमएल या संगणकी मांडणीत कशी लिहायची हे आयएसओ १९१३९ सांगतं, नव्या आवृत्तीसाठी १९११५-३, पण ते काम सॉफ्टवेअर करतं, तुम्ही त्यात पडू नका. केंद्र सरकारच्या एनएसडीआयचं (राष्ट्रीय अवकाशीय डेटा यंत्रणेचं) स्वतःचं मेटाडेटा मानक आहे. डेटा एखाद्या खात्याला द्यायचा असेल तर त्यांचा साचा आधी मागून घ्या, नाहीतर काम दोनदा होतं. डब्लिन कोर पंधरा घटकांचं, सुटसुटीत आहे, पण ते मुळात ग्रंथालयाच्या अंगानं विचार करतं. निर्देशांक प्रणाली (जागा आकड्यांत सांगायची पद्धत) आणि डेटाची वंशावळ (तो कशावरून, कसा तयार झाला) त्यात नीट बसत नाही.

आयएसओचे रकाने शेकड्यांनी आहेत. सगळे भरायचे नसतात. शीर्षक, गोषवारा, तारखा, चौकट (थराच्या चारी बाजूंची हद्द), निर्देशांक प्रणाली, वंशावळ, अचूकता, परवाना, वापराच्या मर्यादा, संपर्क, विषयवर्ग आणि शोधशब्द एवढे प्रामाणिकपणे भरले तरी नोंद वापरण्याजोगी होते.

शीर्षकात काय हवं?

काय, कुठलं, कधीचं. 'नवा_अंतिम_२' हे शीर्षक नव्हे. 'सासष्टी तालुक्यातील खाजन बांध आणि मानशी, २०२३' (मानस म्हणजे बांधातलं पाणी आत-बाहेर सोडायचं दार) असं असेल तर फाइल न उघडताही माणसाला ठरवता येतं. 'गोवा' एवढाच शब्द टाकून मोकळे होऊ नका. तुमचा थर फक्त तीन पंचायतींचा असेल तर त्या तीनच लिहा.

गोषवारा आणि वंशावळ यांत फरक काय?

गोषवारा सांगतो काय आहे, वंशावळ सांगते कसं झालं. गोषवाऱ्यात पद्धतीचं पाल्हाळ नको आणि प्रकल्पाची स्तुती तर अजिबात नको. 'समाजोपयोगी असा हा महत्त्वाकांक्षी डेटासेट' हे वाक्य आम्ही तपासताना पहिल्यांदा काढतो.

वंशावळीच्या रकान्यात नेमकं काय लिहू? आम्ही 'क्षेत्रभेट व उपग्रहचित्रे' लिहिलं आहे.

तेवढ्यावरून कोणीही तुमचं काम पुन्हा करून बघू शकणार नाही, आणि वंशावळ पुरेशी झाली का याची कसोटी तीच. मूळ साधन कोणतं, त्याची तारीख आणि विभेदन (चित्रातला एक ठिपका जमिनीवर केवढा) किती, त्यावर काय केलं, काय वगळलं, आणि कुठे पाहिलं नाही. शेवटचं सगळ्यांत कमी लिहिलं जातं. खाली एक काल्पनिक नमुना दिला आहे:

"डिसेंबरमधील ढगविरहित सेंटिनेल-२ उपग्रहचित्रावरून (विभेदन १० मीटर) खारफुटीचे बहुभुज पडद्यावर १:१०,००० प्रमाणात हाताने आखले. १,००० चौरस मीटरपेक्षा लहान तुकडे वगळले. शंकेच्या जागा चोडण, दिवाडी व रायबंदर येथे काठावरून पाहून पक्क्या केल्या. कुंभारजुवे कालव्याचा काठ पाहिलेला नाही. तिथली आखणी फक्त चित्रावर आधारित आहे. जलमय खाजनात वाढलेली खारफुटी आणि नदीकाठची खारफुटी यांत भेद केलेला नाही."

शेवटची दोन वाक्यं लिहायला जड जातं. आपलं काम अपुरं दिसेल अशी भीती असते. अनुभव उलटा आहे. ज्या नोंदीत 'इथे पाहिलं नाही' असं लिहिलेलं असतं, तिच्या उरलेल्या भागावर वाचणारा विश्वास ठेवतो.

तारीख कोणती? फाइल बनवली ती, की माहिती गोळा केली ती?

दोन्ही, आणि वेगवेगळ्या रकान्यांत. फाइल तयार झाल्याची तारीख, प्रसिद्ध केल्याची तारीख आणि सुधारल्याची तारीख हे एक कुटुंब. डेटातली परिस्थिती कोणत्या काळातली आहे, हा संपूर्ण वेगळा रकाना. बहुतेकजण पहिलं भरतात आणि दुसरं सोडतात, जेव्हा की महत्त्व दुसऱ्याला आहे.

खाजनाचंच बघा. एकच शेत एप्रिल-मेमध्ये कोरडं, तपकिरी दिसतं. जुलैत पाण्याखाली जातं, सप्टेंबरात भातानं हिरवं होतं. मेच्या चित्रावरून ते 'पडीक' ठरेल आणि जुलैच्या चित्रावरून 'पाणथळ'. दोन्ही नकाशे आपापल्या महिन्यापुरते खरे, पण महिना लिहिला नाही तर उद्या कोणीतरी पहिला नकाशा पुढे करून इथे शेती होतच नव्हती असं म्हणेल. पावसाळ्यात ढगांमुळे चांगलं चित्र मिळत नाही म्हणून गोव्याचे बरेच भूवापर-थर हिवाळ्या-उन्हाळ्यातल्या चित्रांवर बेतलेले असतात. हेही नोंदीत यायला हवं.

प्रशासकीय सीमांचंही तसंच. २०११च्या जनगणनेत गोव्याचे अकरा तालुके होते, धारबांदोडा त्यात नाही. फोंडा तेव्हा उत्तर गोव्यात होता आणि २०१५मध्ये दक्षिणेत गेला. 'जिल्हानिहाय' असं नुसतं लिहिलेल्या जुन्या तक्त्यात फोंडा कुठे धरला आहे हे नोंदीशिवाय कळायला मार्ग नाही. सीमा कोणत्या सालच्या आहेत ते लिहा, आणि जमलं तर पंचायतीराज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतले सांकेतांक जोडा.

तारखेचा क्रम वर्ष-महिना-दिवस असा ठेवा. ०५-०३ म्हणजे पाच मार्च की तीन मे, यावर वाद नको.

देवनागरी अंक टाकले तर चालतात का?

गोषवाऱ्यात खुशाल टाका. तारीख, अक्षांश-रेखांश आणि सांकेतांकाच्या रकान्यांत मात्र इंग्रजी अंकच हवेत. तिथे सॉफ्टवेअर अंक म्हणून वाचायला बसलेलं असतं आणि देवनागरी अंक बहुधा त्याच्या गळी उतरत नाहीत.

निर्देशांक प्रणालीत काय भरायचं? आम्ही 'जीपीएस' लिहिलं.

जीपीएस ही जागा शोधणारी उपग्रह-यंत्रणा आहे, निर्देशांक प्रणाली नव्हे. मोबाइल किंवा हातातल्या यंत्रानं घेतलेले अक्षांश-रेखांश बहुधा डब्ल्यूजीएस ८४ या जागतिक प्रणालीवर असतात, तिचा ईपीएसजी (अशा प्रणालींच्या जागतिक सूचीतला) सांकेतांक ४३२६. मीटरमध्ये काम करायचं असेल, म्हणजे क्षेत्रफळ किंवा अंतर मोजायचं असेल, तर यूटीएम घ्या, म्हणजे पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे विभाग करून मीटरमध्ये मोजणारी प्रणाली. गोव्यासाठी विभाग ४३ उत्तर, ईपीएसजी ३२६४३. हा विभाग ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांचा, त्यामुळे अख्खा गोवा त्यात मावतो. दोन विभागांत चिरलं जाण्याचं दुखणं आपल्याला नाही.

पडताळा सोपा आहे. यूटीएममध्ये पणजीचं ईस्टिंग (पूर्वेकडचा आकडा) पावणेचार लाखांच्या आसपास आणि नॉर्थिंग (उत्तरेकडचा) सतरा लाखांच्या थोडं वर यायला हवं. आकडे ७३ आणि १५च्या घरात दिसत असतील तर ते अंश आहेत, नोंदीत यूटीएम लिहिलेलं असो वा नसो.

खरी अडचण जुन्या नकाशांची. सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी पत्रकं (गोवा ४८ई, ४८आय आणि ४८जे यांत विभागलेला आहे) एव्हरेस्ट लंबगोलावर (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती नमुन्यावर) आधारलेली आहेत, तर नव्या ओपन सीरिजची पत्रकं डब्ल्यूजीएस ८४वर. जुन्या पत्रकावरून आखलेला थर तसाच डब्ल्यूजीएस ८४ म्हणून लावला तर आपल्याकडे तो शंभर मीटरहून जास्त सरकतो. शंभर मीटर म्हणजे ओढा शेजारच्या सर्व्हे नंबरात, घर किनारी नियमन क्षेत्रात किंवा त्याच्या बाहेर. म्हणून निव्वळ आताची प्रणाली लिहून थांबू नका. मूळ कोणत्या प्रणालीत होतं आणि रूपांतर कसं केलं, ते वंशावळीत लिहा.

चौकटीचे चार आकडे कुठून आणायचे?

सॉफ्टवेअर काढून देतं, पण डोळ्यांखालून घाला. गोव्याचा कोणताही थर साधारण ७३.६ ते ७४.४ पूर्व आणि १४.८ ते १५.९ उत्तर यांच्या आत बसायला हवा. समुद्रात बराच आत जाणारा असेल तर पश्चिमेकडे वाढेल, एवढंच. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली की पणजी नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाच्या पश्चिमेच्या समुद्रात जाऊन पडते. आणि चौकटीचं एक टोक शून्य-शून्यवर, म्हणजे गिनीच्या आखातात दिसलं, तर समजा की कुठल्यातरी ओळीत निर्देशांक रिकामे राहिले आहेत.

उंचीचा डेटा आहे. वेगळं काही लिहावं लागतं?

हो, उंची कशापासून मोजली ते. जीपीएस मूळ उंची देतो ती लंबगोलापासून, आणि आपल्या भागात सरासरी समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या बरीच खाली आहे. त्यामुळे मिरामारच्या वाळूवर उभं राहून कच्ची उंची वाचली तर ती शून्याच्या पन्नासहून अधिक मीटर खाली येते. यंत्र बिघडलेलं नसतं. एसआरटीएम या रडार मोहिमेतली उंची, जिचं मोजमाप फेब्रुवारी २०००मध्ये अवकाशयानातून झालं, ती ईजीएम९६ या जिऑइडपासून (सरासरी समुद्रसपाटीच्या गणिती नमुन्यापासून) आहे. हे दोन थर एकमेकांतून वजा केले तर खाणीचा खड्डा नसलेल्या जागी खड्डा दिसेल. सखल खाजनात पूर किती चढेल हे काढताना तर अर्धा मीटरही फार असतो, तिथे एसआरटीएम वापरलं असेल तर मर्यादांच्या रकान्यात ते ठळक लिहा.

अचूकता मोजलीच नाही. काय लिहायचं?

'मोजलेली नाही.' मग निदान स्रोताचं प्रमाण लिहा. १:५०,०००च्या नकाशावर अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवर पंचवीस मीटर, यावरून जाणकाराला अंदाज येतो. पडद्यावर कितीही मोठं करून बघितलं तरी मूळ रेघ तेवढीच जाड राहते. दशांश चिन्हापुढे आठ आकडे आहेत म्हणून डेटा अचूक होत नाही, हे मात्र पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

एक-चौदाच्या (गोव्यातल्या जमिनीच्या नोंदीच्या) उताऱ्याशी जोडलेला सर्व्हे नंबरांचा थर आहे. काही विशेष काळजी?

बरीच. पहिली, हा थर मालकीचा पुरावा नाही असं मर्यादांच्या रकान्यात स्पष्ट लिहा. भूमापन खात्याचा आराखडा स्कॅन करून त्यावरून तुम्ही आखलेली रेघ ही तुमची रेघ आहे, खात्याची नव्हे. हे लिहिलं नाही तर दोन भावांच्या वाटणीच्या भांडणात तुमची फाइल हजर होते.

दुसरी, क्रमांक कोणता? पोर्तुगीज काळातला जुना कादास्त्राचा (जमीन-मोजणीच्या नोंदवहीचा) क्रमांक आणि आजचा सर्व्हे क्रमांक वेगळे आहेत. कोमुनिदादीच्या (गावकीच्या) जमिनींच्या जुन्या कागदांत पहिला सापडतो. स्तंभाच्या वर्णनात कुठला ते लिहा.

तिसरी काळजी क्षुल्लक वाटेल, पण तिनं पुष्कळ थर नासवले आहेत. सर्व्हे क्रमांक १०/२ एक्सेलमध्ये उघडला की ती तारीख होते. स्तंभ आधी मजकूर म्हणून ठरवा आणि मगच फाइल आत घ्या.

चौथी, कब्जेदार, कूळ, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवरच्या घरात राहणारा) यांची नावं थरात ठेवायची का? उतारा कोणालाही पाहता येतो म्हणून नावांची अख्खी यादी नकाशासकट वाटत सुटणं शहाणपणाचं नाही. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आता आहे. आमचा सल्ला असा की प्रसिद्ध होणाऱ्या प्रतीत क्रमांक ठेवा, नावं काढा, आणि काढली आहेत असं नोंदीत लिहा.

गावांची नावं कशी लिहायची? प्रत्येक कागदावर वेगळी आहेत.

थरात एकच रूप ठेवा, शोधशब्दांत सगळी द्या. हळदोणे शोधणारा आणि आल्दोना शोधणारा एकाच नोंदीशी पोचायला हवा. चोडण-शोरांव, साखळी-सांकेली, कुडचडे-कुडचोरे यांचंही तेच. शिवाय इंग्रजी लिपीतली प्रचलित रूपं घाला, कारण शोधयंत्रात बहुतेक लोक तीच टाकतात. कुठलं रूप 'बरोबर' यावर नोंदीत निकाल लावायला जाऊ नका. त्यासाठी गोव्यात वर्तमानपत्रांची वाचकांची पत्रं आहेत.

नोंद मराठीत लिहू, कोकणीत की इंग्रजीत?

ज्या भाषेत नीट लिहिता येईल तीत. भाषेच्या रकान्यात सांकेतांक द्या, आणि शीर्षक-गोषवारा इंग्रजीतही असेल तर नोंद बाहेरच्यांना सापडते. नोंदीची भाषा आणि डेटाची भाषा हे दोन रकाने आहेत, ते एकच समजू नका.

देवनागरी नावं शेपफाइलमध्ये चौकोन-चौकोन का दिसतात?

शेपफाइल हा थर साठवायचा जुना, प्रचलित प्रकार आहे, आणि तिथे अक्षरसंकेतन (अक्षरं आकड्यांत साठवायची पद्धत) जुळत नाही म्हणून. यूटीएफ-८ ठेवा, आणि कोणतं संकेतन आहे ते सांगणारी सोबतची सीपीजी फाइल पाठवायला विसरू नका. शेपफाइलची जुनी दुखणी आणखी आहेत. स्तंभाचं नाव दहा बाइटांपुरतं आणि देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे नावात तीन चिन्हं मावली तरी नशीब. मजकुराचा स्तंभ २५४ बाइटांचा, तिथे मराठी शेरा निम्म्यावर तुटतो. जिओपॅकेज हा नवा फाइल-प्रकार वापरलात तर यातलं काहीच सोसावं लागत नाही. शेपफाइलच द्यायची असेल तर स्तंभांची नावं इंग्रजी लिपीत आखूड ठेवा आणि प्रत्येकाचा अर्थ, एकक आणि सांकेतांकांची फोड नोंदीसोबत द्या. 'स्थिती = ३' म्हणजे बांध फुटलेला की दुरुस्त केलेला, हे कोणाला स्वप्नात कळत नाही.

विषयवर्ग कोणता? खाजन शेती की पाणी?

आयएसओची यादी ठरलेली आहे, त्यातले एकाहून अधिक वर्ग निवडता येतात. दोन्ही निवडा.

परवाना काय लिहायचा? सरकारी संकेतस्थळावरून घेतलं आहे, म्हणजे मोकळंच ना?

नाही. दिसतं म्हणजे मोकळं नव्हे. केंद्राचा सरकारी मुक्त डेटा परवाना २०१७पासून आहे, पण तो जिथे लावलेला असेल तिथेच लागू. लावलेला नसेल तर खात्याला लेखी विचारा आणि उत्तराची तारीख नोंदीत घाला. ओपनस्ट्रीटमॅपवरून घेतलेलं असेल तर श्रेय द्यावं लागतं, आणि त्यावर बेतलेला डेटा प्रसिद्ध केलात तर तोही त्याच परवान्याखाली. गूगल अर्थवरून आखून नवा डेटासेट तयार करायला त्यांच्या अटींत परवानगी नाही. गोव्यातले निम्मे हौशी थर तसेच झाले असावेत असा आमचा संशय आहे, पण तो संशय म्हणूनच राहू द्या. तुमच्याकडे तसा थर असेल तर मोकळा परवाना लावू नका.

१५ फेब्रुवारी २०२१च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनंतर भारतीय व्यक्ती आणि संस्थांना नकाशे करायला पूर्वपरवानगी लागत नाही. संवेदनशील गोष्टी नकाशावर दाखवण्याची बंधनं मात्र आहेतच, आणि दाबोळीला नौदलाचा तळ आहे हे विसरून चालत नाही.

काही ठिकाणं उघड करायची नाहीत. मग नोंदही करायची नाही का?

नोंद करा, डेटा राखून ठेवा. मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे कासवं येतात हे सर्वांना ठाऊक आहे, पण या हंगामातल्या घरट्यांचे बिंदू जाहीर करायचं कारण नाही. दुर्मीळ ऑर्किडांचं आणि काही देवरायांचंही तसंच, देवराईच्या बाबतीत गावाला विचारल्याशिवाय काहीच नको. प्रवेश-निर्बंधाच्या रकान्यात कारण लिहा, कोणाकडे मागायचं ते लिहा, आणि चौकट मुद्दाम ढोबळ ठेवा. बिंदूंना घट्ट चिकटलेली चौकट दिली की लपवलेली जागा नोंदीतूनच सापडते.

संपर्कात कोणाचं नाव?

व्यक्तीचं नको, पदाचं द्या, आणि पदाचा ईमेल. विद्यार्थी पास होऊन जातात, लिपिकाची बदली होते.

क्यूजीआयएसमध्ये हे कुठे भरायचं?

क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरात थराच्या गुणधर्मांत मेटाडेटाचा स्वतंत्र विभाग आहे. त्याचा साचा आयएसओपेक्षा आटोपशीर आहे, पण सुरुवातीला पुरतो, आणि काय राहिलं ते तिथला पडताळणीचा भाग दाखवतो. शेपफाइलसाठी नोंद शेजारी क्यूएमडी विस्ताराच्या फाइलीत जपली जाते. ती मागे ठेवून फक्त थर पाठवण्याचा प्रकार सर्रास होतो, सगळं एकत्र झिप करा. संस्थेपाशी बरेच थर असतील तर जिओनेटवर्कसारख्या सॉफ्टवेअरवर नोंदींची सूची उभी करणं श्रेयस्कर.

जुन्या सीडीवर थर सापडला. करणारा कोण हे कोणालाच माहीत नाही.

फाइलीतून निघेल तेवढं काढा: प्रणाली, चौकट, स्तंभ, फाइलीची तारीख. आतल्या खुणांवरून काळ बांधता येतो. धारबांदोडा तालुका आहे का, फोंडा कुठे आहे, झुवारीवरच्या नव्या पुलाची रेघ आहे का. जे अनुमान आहे त्याच्यापुढे 'अनुमान' लिहा, बाकी ठिकाणी 'अज्ञात'. रिकामा रकाना आणि 'अज्ञात' यांत फरक आहे. पहिल्यात कोणी बघितलंच नाही, दुसऱ्यात बघितलं आणि सापडलं नाही.

दुरुस्ती केली की नवी नोंद करायची का?

चार बिंदू सरकवले किंवा शुद्धलेखन सुधारलं तर तीच नोंद, सुधारणेची तारीख बदला आणि काय केलं ते एका ओळीत लिहा. नव्या चित्रावरून सगळं पुन्हा आखलं तर नवी नोंद, नवा ओळख-क्रमांक, आणि जुनीकडे दुवा. जुनी पुसू नका. कोणीतरी तिच्यावर अहवाल लिहिलेला असतो. थर चुकीचा निघाला म्हणून मागे घेतलात तरी नोंद जागेवर ठेवा, वर 'मागे घेतला' असं घाला आणि कारण लिहा.